बुडालेला उकार

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं. जंगलात साळिंदर राहणारच, त्यात काय सांगायचं, असं तुमच्यातलं कुणीतरी आता म्हणेल. मुलांनो, म्हणू नका. मला मधे तोडलं की मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

तर या साळिंदराचं नाव अणकुचीराव. इतर साळिंदरं आपले काटे अंगावर येणाऱ्याला टोचायला वापरायची. अणकुचीराव ते लिहायला वापरायचा. पाठीवरचा एक काटा उपटायचा, "आई गं" म्हणायचं, काटा जांभळाच्या रसात नाहीतर तांबड्या कावेत बुडवायचा आणि समोर जे असेल त्यावर सुरू व्हायचं. मग ते पान असो, झाडाची साल असो, नाहीतर झोपलेलं कासव असो.

आता तो लिहायचा की चित्र काढायचा, ते मला विचारू नका. जंगलात सगळे हेच विचारत बसले आणि त्यातूनच पुढचा सगळा घोळ झाला. त्याने 'झाड' लिहिलं, की 'ड'ची शेपटी मुळं होऊन खाली पसरायची. त्याने 'सरडा' लिहिला, की मधल्या 'र'चा रंग सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा दिसायचा. एकदा त्याने 'जांभई' हा शब्द एवढा ऐसपैस काढला, की तो पुरा होईपर्यंत बघायला आलेले दोन बिबटे तिथेच झोपून गेले.

बघणाऱ्यांना मजा यायची. पण मुलांनो, नुसती मजा येऊन भागत नाही. ती कोणत्या खात्यात येते, ते ठरावं लागतं.

जंगलात दोन सभा होत्या. एक अक्षरसभा आणि दुसरी रंगसभा. अक्षरसभेचे अध्यक्ष होते रेडेशास्त्री. होता तो रानरेडाच, पण आपल्या घराण्यात पूर्वी कुणीतरी वेद म्हटले होते, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. शास्त्रीबुवांना जंगलातल्या एकूण एक शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ पाठ होते. शब्दांचे अर्थ त्यांना कुणी कधी विचारले नव्हते.

अणकुचीरावाने त्यांच्यापुढे केळीच्या पानावर काढलेली 'वावटळ' ठेवली. पानभर वा, व, ट आणि ळ गरगर फिरत होते. त्यांच्या डोक्यावरची रेघ उडून पानाच्या कोपऱ्यात जाऊन पडली होती.

शास्त्रीबुवांनी एक शिंग पानावर टेकवलं.

"अक्षरांच्या डोक्यावर रेघ कुठे आहे?"

"वावटळीत उडाली, बुवा."

"म्हणजे ही अक्षरं उघडी बोडकी फिरताहेत! आमच्या सभेत लेकीसुना येतात, अणकुचीराव!"

आणि त्यांनी ताडपत्रावर दाखला लिहून दिला : 'सदर वस्तू लेखन नव्हे. चित्र असावे.' खाली खुराचा ठसा.

अणकुचीराव तीच वावटळ घेऊन रंगसभेत गेला. तिथले अध्यक्ष होते पिसारेबुवा, म्हणजे मोर. त्यांच्याकडे एकच चित्र होतं. तेही पाठीवर, आणि तेही जन्माने मिळालेलं. दरवर्षी ते त्याचंच प्रदर्शन भरवायचे आणि दरवर्षी स्वतःच उद्घाटन करायचे.

पिसारेबुवांनी मान वाकडी करून वावटळ पाहिली.

"रंग बरे आहेत. पण हा काय, 'ट'! मला 'ट' वाचता आला, अणकुचीराव. वाचता आलं, तिथेच चित्र मेलं."

त्यांनीही दाखला दिला : 'सदर वस्तू चित्र नव्हे. लेखन असावे.' खाली नखांचा ठसा.

दोन दाखले घेऊन अणकुचीराव बिळाशी आला. बिळात त्याची बायको साळूबाई कंद सोलत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने दोन्ही ताडपत्रं दाबून पाहिली.

"चांगली जाड आहेत हो. मुंग्या शिरायच्या नाहीत," असं म्हणून तिने ती कंदांच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवली.

अणकुचीरावाला वाईट वाटलं. वरवरचं नाही, आतून वाटलं. आपण कुणातच बसत नाही, मग आपण जे करतो ते आहे तरी काय, हे त्याला कळेना. तो बिळासमोरच्या मोठ्या कातळाला टेकून दोन दिवस बसून राहिला. त्याने जेवण सोडलं आणि काटे उपटणंही सोडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बिळातून हाक आली.

"अहो!"

त्या जंगलात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मानत. न घेताही ते कमी होतच होतं, पण ते असो. तर साळूबाई नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि अणकुचीरावाने ती हाक हजारदा ऐकली होती. म्हणजे कानावर पडली होती. त्या दिवशी त्याने ती खरी ऐकली. 'अ' रागाचा होता. 'हो'पाशी येईतो राग संपला होता आणि तिथे नुसती काळजी उरली होती.

त्याने पाठीवरचा काटा उपटला, "आई गं" म्हणाला आणि कातळावर ती हाक काढली. 'अ' लालभडक, अंग फुगवलेला. 'हो' निळा, आणि त्याची मात्रा वर न जाता जराशी खाली वाकलेली.

साळूबाई बाहेर आली. तिने कातळाकडे पाहिलं.

"ही आत्ताची," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी एवढी ओरडले होय?"

"अर्धी," अणकुचीराव म्हणाला, आणि जेवायला गेला.

तेव्हापासून बारा वर्षं तो त्या कातळावर तेवढा एकच शब्द काढत राहिला. झोपेतला अहो काढला. त्यातला 'ह' कुशीवर वळलेला होता. ओढ्यापलीकडून मारलेला अहो मुंगीएवढा काढला. पाहुणे आलेत आणि घरात काही नाही, अशा वेळचा अहो काढला. तो दबका होता आणि दातांमधून आलेला होता. तापात मारलेला अहो होता. त्याला रेघ नव्हतीच. आणि एक मोठा अहो होता, बरोबर मध्यभागी, वाघाएवढा. अणकुचीराव साळूबाईच्या बहिणीच्या लग्नाला जायचं विसरून बुंध्यावर 'गोगलगाय' काढत बसला होता, त्या दिवशीचा तो अहो. त्यातल्या 'अ'चं तोंड उघडं होतं आणि 'हो'ची मात्रा उगारलेली होती.

साळूबाईला एकही अक्षर येत नव्हतं. पण कातळावरच्या कोणत्याही अहोवर पंजा ठेवा, तो कुठल्या दिवशीचा ते ती सांगायची. सांगताना कधी हसायची आणि कधी उठून आत जायची.

इथपर्यंत ठीक होतं, मुलांनो. पण चांगला कातळ फार दिवस लपून राहत नाही.

त्या जंगलाचा राजा होता दंडकेसरी सिंह. त्याला एकशेआठ बिरुदं होती आणि ती सगळी कोरता येतील असा एकही कातळ राज्यात नव्हता. होता तो अणकुचीरावाच्या बिळासमोर. आता एक गुपित सांगतो, पण बाहेर बोलू नका. महाराजांना वाचता येत नव्हतं. कागद समोर आला की ते म्हणत, "आज डोळे चुरचुरताहेत, तू वाच." मग ऐकून झालं की ते खाली पंजा उमटवत. त्यांचे डोळे पंचवीस वर्षं चुरचुरत होते आणि कुणाला शंका आली नव्हती.

महाराजांना तो कातळ हवा होता. पण उगाच हिसकावला तर प्रजा नावं ठेवेल, म्हणून ते निमित्त शोधत होते. निमित्त मिळालं ते दलदलीपाशी.

जंगलाच्या पश्चिमेला एक दलदल होती. वर कोवळं गवत आणि खाली तळ नसलेला काळा चिखल. तिथे दर आठवड्याला कुणीतरी बुडायचं. पाटी नव्हती असं नाही. रेडेशास्त्र्यांनी स्वतः लिहिलेली शुद्ध पाटी होती : 'सर्व संबंधित वन्य प्राण्यांस याद्वारे सूचित करण्यात येते की, पुढील भूभाग वरकरणी टणक भासत असला तरी...' अशा एकोणीस ओळी. मजकूर इतका, की अक्षर मुंगीएवढं झालं होतं. वाचायला चार पावलं पुढे जावं लागे. दलदल तीन पावलांवर सुरू व्हायची. ज्यांना वाचता येत होतं ते 'वरकरणी'पर्यंत पोचेतो कमरेइतके आत गेलेले असत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते पाटीकडे न बघता सरळ जात. शेवटी दोघांची गाठ खाली पडायची.

महाराजांनी अणकुचीरावाला बोलावलं.

"दलदलीची नवी पाटी तू कर. एक महिना कुणी बुडालं नाही, तर कातळ कायमचा तुझा. एक जरी प्राणी बुडाला, तरी कातळ खरवडून तिथे माझी बिरुदं येतील."

अणकुचीरावाने घरी येऊन साळूबाईला सांगितलं. ती कातळाकडे वळली.

"बारा वर्षं ओरडलेय मी त्याच्यासाठी," ती म्हणाली. "नीट करा काय ती पाटी."

अणकुचीराव आठ दिवस दलदलीच्या काठावर नुसता बसला. एक रानडुक्कर बुडताना त्याने पाहिलं. ते पहिल्यांदा कसं बुडतं, मग कसं दिसतं, शेवटी काय उरतं, ते सगळं पाहिलं. त्याला वाचवता आलं नाही, म्हणून रडला. मग उठून दलदलीत उभ्या असलेल्या पांढऱ्या खडकापर्यंत एक सागाचं खोड आडवं टाकून घेतलं आणि कामाला लागला.

त्याने एकच शब्द काढला : बुडाल.

खडकाच्या तळाशी खरा चिखल होता. तिथूनच त्याने काढलेला चिखल वर चढत गेला, त्यामुळे खरा कुठे संपतो आणि काढलेला कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. त्या चिखलात पहिलं अक्षर कमरेपर्यंत रुतलं होतं. दुसरं हनुवटीपर्यंत गेलं होतं आणि त्याचा काना हात वर केल्यासारखा बाहेर होता. तिसऱ्याचा नुसता माथा दिसत होता. आणि वर शिरोरेघ. जन्मात पहिल्यांदा त्याने ती सरळ, पूर्ण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काढली होती. बुडणाऱ्यांच्या हाताला न लागणारी फांदी असते ना, तशी ती दिसत होती.

काम झाल्यावर त्याने खोड ओढून घेतलं.

पहिल्या दिवशी हरणांचा कळप आला. त्यांना वाचता येत नव्हतं. वीस पावलांवरून त्यांनी खडक पाहिला. पुढची म्हातारी हरिणी थांबली आणि आख्खा कळप मागे वळला. मग डुकरं आली, ती वळली. ससे तर अर्ध्या वाटेतूनच पळाले. एक दिवस महाराज स्वतः सांबराच्या मागे धावत तिथे आले. सांबर वळलं. महाराज पुढे आले आणि खडकाकडे पाहून जागच्या जागी थांबले. त्यांनी उजवा पंजा उचलून झटकला. पंजाला काही लागलेलं नव्हतं, तरी झटकला. मग इकडेतिकडे बघून हळूच परत गेले आणि यातलं कुणालाच बोलले नाहीत.

एकोणतीस दिवस गेले. कुणी बुडालं नाही. साळूबाईने गोड कंद बाजूला काढून ठेवले.

तिसाव्या दिवशी रेडेशास्त्री पाटी तपासायला आले.

ते वीस पावलांवर उभे राहिले. बरोबर अक्षरसभेचे चार सभासद होते आणि काठावर अणकुचीराव जीव मुठीत धरून उभा होता.

"रेघ आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "सुधारलात. 'डा' ठीक. 'ल' जेमतेम. पण 'ब'ला उकार कोणता दिलाय? पहिला की दुसरा?"

"पहिला, बुवा. ऱ्हस्व."

"दिसत नाही."

"तो चिखलात आहे. बुडालाय."

"उकार बुडत नसतो, अणकुचीराव!"

"जे खाली असतात ते आधी बुडतात, बुवा."

"ते काही नाही. दीर्घ असला तर सबंध जंगलाची लाज जाईल. मी बघून येतो."

"बुवा, पुढे जाऊ नका! पाटीवर काय लिहिलंय ते वाचा तरी!"

"तेच तर वाचायला चाललोय," शास्त्रीबुवा म्हणाले आणि निघाले.

चौथ्या पावलाला त्यांचे गुडघे गेले. रेड्याला चिखलाचं काय वाटणार? उलट थोडं बरंच वाटलं. सहाव्या पावलाला पोट गेलं. काठावरून सगळे ओरडत होते. शास्त्रीबुवा खडकाशी पोचले, पुढचा पाय चिखलात खुपसून उकार चाचपू लागले आणि गळ्यापर्यंत आत गेले.

"सापडला का?" सभासदांनी विचारलं. सभासदच ते.

"वाटोळं काहीतरी लागतंय," शास्त्रीबुवा म्हणाले, "पण त्याचं टोक कुठे वळलंय ते..." पुढचं चिखलाने ऐकलं.

अणकुचीरावाने खोड ढकललं, हत्तींना हाका मारल्या. तीन हत्तींनी सोंडा लावून शास्त्रीबुवांना बाहेर काढलं. शास्त्रीबुवा वाचले. पण मुलांनो, बुडाले ते बुडालेच. तसं हुकुमात लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

"पाटी शुद्ध असती, तर मला जवळ जावं लागलं नसतं," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांच्या कानात अजून चिखल होता.

म्हातारी हरिणी पुढे आली. "म्हाराज, आमचा आख्खा कळप वाचला त्या पाटीनं. लांबनंच कळलं आमाला."

"तुम्हाला वाचता येतं का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"न्हाई."

"मग तुम्हाला जे कळलं, ते वाचून कळलेलं नाही. म्हणजे ती पाटी नव्हे. साक्ष बाद."

अणकुचीरावाने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी खाली बघितलं, आपल्या उजव्या पंजाकडे. पाटीने कुणाकुणाला वाचवलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण 'मलाही लांबूनच कळलं' असं म्हणायचं, तर 'मलाही वाचता येत नाही' असं म्हणावं लागलं असतं. पंचवीस वर्षांचे चुरचुरणारे डोळे एका दिवसात बरे होत नाहीत.

"कातळावरची अक्षरं खरवडून काढा," महाराज म्हणाले आणि त्यांनी पंजा उमटवला.

खरवडायच्या कामावर झिपरू नावाचं अस्वल होतं. वारुळं खरवडून त्याची नखं तयार झाली होती. तो वऱ्हाडाकडून आला होता आणि हुकमाबाहेर एक नख चालवत नसे. तो कातळाशी आला, तेव्हा अणकुचीराव कातळाला पाठ लावून उभा होता. पाठीवर आता जेमतेम अकरा काटे उरले होते, त्यामुळे तो कुणाला अडवेल असं वाटत नव्हतं.

"बाजूले व्हा, भाऊ," झिपरू म्हणाला. "मले हुकूम हाय. अक्षरं खरवडायची हायेत."

साळूबाई बिळातून बाहेर आली. "कसली अक्षरं? इथे अक्षरं नाहीत. आमच्याकडे कागद आहे तसा."

तिने टोपलीवरचं खुराच्या ठशाचं झाकण काढून त्याच्या हातात दिलं. झिपरूने नाक लावून वाचलं. 'सदर वस्तू लेखन नव्हे. चित्र असावे.' खाली शास्त्रीबुवांचा खूर.

"आँ? अक्षर नोहे? मंग म्या काय खरवडू?"

तो शास्त्र्यांकडे गेला. दाखला मागे घ्यायचा, तर शास्त्रीबुवा चुकले असं लिहावं लागणार होतं. अक्षरसभेत तशी पद्धत नव्हती. मग दरबारातून दुसरा हुकूम निघाला : 'कातळावरची चित्रं खरवडून काढा.' झिपरू परत आला. साळूबाईने टोपलीवरचं दुसरं झाकण दिलं. 'सदर वस्तू चित्र नव्हे.' खाली पिसारेबुवांची नखं.

झिपरू कातळासमोर मटकन बसला. "बाप्पा! अक्षर बी नोहे, चित्र बी नोहे. मंग हे हाय तरी काय, वैनी?"

"आमचं घरातलं बोलणं आहे," साळूबाई म्हणाली.

झिपरूने कातळाकडे पाहिलं. नीट पाहिलं. त्याची नजर त्या दबक्या, दातांमधून आलेल्या अहोवर गेली आणि तो एकदम उभा राहिला.

"आलो गं," असं पुटपुटला आणि मागे वळला. मागे कुणी नव्हतं. तरी तो घरी निघून गेला. दोन दिवस कामावर आला नाही.

महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला.

"मी स्वतः खरवडतो!" ते गरजले आणि सगळा दरबार मागे घेऊन कातळापाशी आले. अणकुचीरावाने डोळे मिटले. साळूबाईने मिटले नाहीत.

महाराज मधल्या अहोसमोर उभे राहिले, त्या वाघाएवढ्या. त्यांनी उजवा पंजा वर उचलला. समोर 'अ'चं तोंड उघडं होतं. 'हो'ची मात्रा उगारलेली होती. महाराजांचा पंजा हवेतच राहिला. मग त्यांचे कान हळूहळू मागे गेले, शेपटी खाली गेली आणि त्यांच्या तोंडून अगदी बारीक आवाजात शब्द निघाला :

"आलो."

ते सगळ्यांनी ऐकलं. राणीसाहेबांनी तर नीटच ऐकलं.

आता महाराज कुणाला खातात, म्हणून जो तो शेजाऱ्याच्या मागे सरकू लागला. तेवढ्यात पिसारेबुवा ओरडले, "महाराजांनी वाचलं! डोळे चुरचुरत असताना वाचलं!"

महाराज दचकले. मग त्यांनी कातळाकडे पाहिलं, पंजाकडे पाहिलं आणि छाती पुढे काढली. जन्मात वाचलेला हा त्यांचा पहिला शब्द होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार छान वाटलं.

"होय," ते म्हणाले. "वाचलं. आम्ही नेहमीच वाचतो."

"महाराजांनी वाचलं, त्याअर्थी हे लेखन आहे," रेडेशास्त्री लगेच म्हणाले.

"महाराजांना पाहताक्षणी कळलं, त्याअर्थी हे चित्र आहे," पिसारेबुवा म्हणाले.

दोन्ही दाखले त्याच दुपारी मागे घेण्यात आले. साळूबाईला टोपलीसाठी दुसरं झाकण शोधावं लागलं.

कातळ वाचला, मुलांनो. टाळ्या वाजवा. पण थोड्याच वाजवा.

महाराजांना वाचता येतं, याचा राज्यात तेवढा एकच पुरावा होता. तो जपायला नको? कातळाभोवती बांबूचं कुंपण झालं. फाटकावर झिपरूला बसवलं. पाटी लागली : 'आत काहीही लिहिण्यास, काढण्यास व टेकण्यास सक्त मनाई आहे.' शुद्धलेखन शास्त्रीबुवांनी तपासलं. लांबलांबून जोडपी कातळ पाहायला येऊ लागली. नवरे 'आलो, आलो' म्हणत मागे वळायचे आणि बायका हसायच्या.

मग गौरव समारंभ झाला. अणकुचीरावाला मंचावर बसवलं. शाल घातली, तर ती काट्यांवरून फाटत खाली आली, म्हणून शेवटी हातात दिली. शास्त्रीबुवा त्याच्या बोडक्या अक्षरांच्या सौंदर्यावर दीड तास बोलले. पिसारेबुवा स्वतःवर बोलले. साळूबाईला मंचावर जागा नव्हती. ती कुंपणाबाहेर गर्दीत उभी होती. तिथून तिला आपला नवरा एवढासा दिसत होता. मांडीवर शाल, पाठीवर अकरा काटे आणि तोंडावर पाहुण्यासारखं हसू. मग तिने हाक मारली.

"अहो!"

मंचावरचे सगळे वळले. महाराज वळले, झिपरू वळला. शास्त्रीबुवा ब्रह्मचारी होते, तेही वळले. अणकुचीराव मात्र वळला नाही. तो ऐकत बसला होता. हा अहो रागाचा नव्हता, भुकेचा नव्हता, झोपेतला नव्हता. लांब निघालेल्या कुणाला तरी मारलेला होता. असा त्याने बारा वर्षांत ऐकला नव्हता.

तो मंचावरून उतरला, पाठीवरचा काटा उपटला आणि कातळाकडे धावला.

फाटकावर झिपरूने हात आडवा केला.

"आत लिहाले मनाई हाय, भाऊ."

"अरे, मीच तो! हे सगळं मीच काढलंय!"

"मले ठाव हाय," झिपरू म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पन पाटीवर 'तुमाले आत सोडा' असं लिहिलं नाही."

अणकुचीराव काटा हातात धरून उभा राहिला. हाक कानातून निसटत चालली होती. मग तो वळला, गर्दीतून बाहेर पडला आणि पश्चिमेला निघाला. मागोमाग साळूबाई निघाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पिसारेबुवांनी तेवढ्यात पिसारा उघडला होता.

दलदलीच्या काठावर कुणी नव्हतं. आपल्याच पाटीच्या अलीकडे, जिथवर पाय टेकतो तिथवर जाऊन अणकुचीराव खाली वाकला आणि ओल्या चिखलात काट्याने तो अहो काढला. रंग नव्हता. 'अ' अर्धा काढेपर्यंत त्याचा वरचा भाग चिखलात मिटत चालला होता. 'हो'ची मात्रा काढली, तोवर 'अ' गेला. साळूबाई वाकून बघत होती.

"हीच," ती म्हणाली. "हीच होती."

तेवढ्यात मात्राही मिटली. चिखल पुन्हा सारखा झाला.

"चला आता," ती म्हणाली. "कंद गार होताहेत." आणि या खेपेला अणकुचीराव पहिल्याच हाकेला उठला.

तात्पर्य : मुलांनो, लोकांनी नावं ठेवली तरी चिकाटीने आपलं काम करत राहावं. एक ना एक दिवस मान मिळतोच, आणि त्यानंतर ते काम कुणी करू देत नाही. उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे नेहमी जवळ जाऊन पाहावं. मात्र बरोबर तीन हत्ती न्यावेत. आणि घरातून हाक आली, तर ती लेखन आहे की चित्र, याचा निकाल लागण्याआधी ओ द्यावी.